लघवी आणि मूत्रपिंड : नेहमीचे प्रश्न, नेमकी उत्तरे

प्रतिनिधी

डोके दुखले, पोट बिघडले, तर माणूस घरात सांगतो, कार्यालयात सांगतो, औषधाच्या दुकानदारालाही विचारतो. लघवीच्या तक्रारीबाबत मात्र तसे होत नाही. जळजळ होत असली, रात्रीतून चार-पाच वेळा उठावे लागत असले किंवा लघवीत फेस दिसत असला, तरी संकोचापोटी आठवडेच्या आठवडे निघून जातात. ‘उन्हाळी लागली असेल’, ‘वय झाले’, ‘पाणी कमी पडले’ अशी समजूत घालून विषय तेथेच संपवला जातो.

हा संकोच महागात पडू शकतो. मूत्रपिंडांमध्ये निसर्गाने भरपूर राखीव क्षमता ठेवलेली आहे. त्यामुळे निम्म्याहून अधिक काम बंद पडेपर्यंत बहुतेकांना काहीच जाणवत नाही. पायावर सूज, भूक मंदावणे, मळमळ, धाप अशी लक्षणे दिसू लागतात तेव्हा बराचसा काळ हातातून गेलेला असतो. दर वर्षी मार्च महिन्यातील दुसऱ्या गुरुवारी ‘जागतिक मूत्रपिंड दिन’ पाळला जातो. २००६ पासून सुरू असलेल्या या दिवसाचा मुख्य उद्देशही लवकर निदान हाच आहे. डॉक्टरांच्या खोलीत शिरल्यावर रुग्णांच्या ओठांवर येऊन थांबणारे काही प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

मूत्रपिंड नेमके काय काम करते?

पाठीच्या बाजूला, शेवटच्या बरगड्यांच्या आडोशाला, कण्याच्या दोन्ही बाजूंना एकेक मूत्रपिंड असते. आकार राजम्याच्या दाण्यासारखा आणि लांबी साधारण १० ते १२ सेंटिमीटर. प्रत्येकात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा जवळपास पाचवा हिस्सा सतत या दोन अवयवांकडे वळवलेला असतो. दिवसभरात सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो. त्यातील ९९ टक्के पुन्हा रक्तात शोषला जातो आणि उरलेला दीड-दोन लिटर लघवीच्या रूपाने बाहेर पडतो.

शरीरातील घाण बाहेर टाकणे एवढेच मूत्रपिंडाचे काम आहे, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात पाणी, मीठ, पोटॅशियम आणि आम्ल यांचा समतोल राखणे, रक्तदाबावर नियंत्रण ठेवणे, हाडांसाठी आवश्यक असलेले ‘ड’ जीवनसत्त्व कार्यक्षम रूपात आणणे आणि रक्तातील तांबड्या पेशी तयार होण्यासाठी लागणारे संप्रेरक पुरवणे हीदेखील त्याचीच कामे आहेत. म्हणूनच मूत्रपिंड बिघडलेल्या रुग्णाचे हिमोग्लोबिन उतरते, हाडे ठिसूळ होतात आणि रक्तदाब चढतो. कारण न कळता हिमोग्लोबिन कमी राहत असेल, तर लोहाच्या गोळ्यांबरोबर मूत्रपिंडाचीही तपासणी करावी लागते, ती यासाठी.

दिवसातून किती वेळा लघवी होणे योग्य?

ठरावीक असा आकडा नाही. बहुतेक निरोगी प्रौढांना दिवसभरात सहा ते आठ वेळा जावे लागते. पाणी, चहा-कॉफी, हवामान आणि औषधे यांनुसार त्यात फरक पडतो. मूत्राशयात साधारण ४०० ते ५०० मिलिलिटर लघवी मावते आणि दीड-दोनशे मिलिलिटर साठली की पहिली जाणीव होते.

रात्री एकदा उठावे लागणे उतारवयात सर्वसामान्य आहे. दोन-तीन किंवा त्याहून अधिक वेळा उठावे लागत असेल, तर कारण शोधावे. अनियंत्रित मधुमेह, पुरुषांमध्ये वाढलेली प्रोस्टेट ग्रंथी, हृदयविकार, पायावरची सूज, झोपेत श्वास अडखळण्याचा विकार किंवा संध्याकाळी घेतलेली लघवी वाढवणारी गोळी, यांपैकी काहीही त्यामागे असू शकते. अशा वेळी तीन दिवसांची नोंद उपयोगी पडते. किती वाजता, किती लघवी झाली आणि काय, किती प्यायलो हे एका कागदावर लिहून नेल्यास डॉक्टरांना निदान करणे बरेच सोपे जाते.

रंग, फेस आणि वास यांवरून काय ओळखावे?

फिकट पिवळा रंग हे पुरेसे पाणी पोटात जात असल्याचे लक्षण. गडद पिवळा रंग बहुधा पाणी कमी पडल्याचे सांगतो. ‘ब’ जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी लघवी भडक पिवळी होते, बीट खाल्ल्यावर काहींना गुलाबी होते आणि क्षयरोगावरील रिफाम्पिसिन या औषधाने ती नारिंगी-तांबडी होते. यात घाबरण्यासारखे काही नाही. लघवी मोहरीच्या तेलासारखी गडद होऊन डोळेही पिवळे दिसत असतील, तर ती कावीळ असू शकते.

लघवीत रक्त दिसणे ही मात्र कधीच दुर्लक्ष करण्याजोगी गोष्ट नाही. जंतुसंसर्ग किंवा खडा असेल तर रक्ताबरोबर सहसा वेदना असते. वेदना नसताना रक्त जाणे अधिक गंभीर मानले जाते. विशेषतः चाळिशीनंतर आणि तंबाखू वा धूम्रपानाची सवय असलेल्यांमध्ये मूत्राशयाच्या कर्करोगाची ती पहिली खूण असू शकते. रक्त एकदाच दिसले आणि आपोआप थांबले, म्हणून तपासणी टाळणे ही मोठी चूक ठरते.

जोरात लघवी झाल्यावर क्षणभर बुडबुडे येतात आणि विरतात. फेस रोज येत असेल आणि साबणाच्या फेसासारखा टिकून राहत असेल, तर लघवीवाटे प्रथिने जात असण्याची शक्यता असते. गाळण्यांची जाळी सैल झाल्याची ही सूचना आहे. साध्या लघवी तपासणीत ते कळते.

जळजळ होते, पाणी पिऊन बरे होईल का?

आपल्याकडे ‘उन्हाळी लागणे’ या एका शब्दप्रयोगात दोन वेगळ्या गोष्टी येतात. कडक उन्हात घाम जाऊन लघवी दाट झाल्याने होणारी आग पाणी, ताक, सब्जा किंवा धने-जिऱ्याच्या पाण्याने एक-दोन दिवसांत शमते. परंतु जळजळीबरोबर वारंवार जावेसे वाटणे, थेंब थेंब होणे, ओटीपोटात दुखणे, लघवी गढूळ असणे ही लक्षणे असतील, तर तो जंतुसंसर्ग समजावा. बहुतेक वेळा आतड्यातील ई-कोलाय हा जंतू त्याला कारण असतो.

स्त्रियांमध्ये मूत्रमार्गाची लांबी जेमतेम चार सेंटिमीटर असते, तर पुरुषांमध्ये सुमारे २० सेंटिमीटर. गुदद्वारही स्त्रियांत जवळ असल्याने जंतूंना आत शिरणे सोपे जाते. जवळपास निम्म्या स्त्रियांना आयुष्यात एकदा तरी हा त्रास होतो, तो या शरीररचनेमुळे. त्यात लाज वाटण्यासारखे किंवा कोणाच्या वागणुकीवर शंका घेण्यासारखे काही नाही. रजोनिवृत्तीनंतर संप्रेरके कमी झाल्याने संसर्ग वारंवार होऊ शकतो आणि त्यावर स्वतंत्र उपचार आहेत.

थंडी वाजून ताप, कुशीत दुखणे आणि उलट्या सुरू झाल्यास संसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोहोचलेला असू शकतो. अशा वेळी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. गर्भवती स्त्री, मधुमेही, लहान मूल आणि पुरुष यांच्यातील मूत्रसंसर्ग सुरुवातीपासूनच गांभीर्याने घ्यावा लागतो.

औषधांच्या बाबतीत एक सवय सर्वांत घातक आहे. मागच्या वेळची चिठ्ठी दाखवून दुकानातून प्रतिजैविक घेणे आणि आराम पडताच दोन दिवसांत ते बंद करणे. यामुळे जंतू औषधाला दाद देईनासे होतात. संसर्ग परत परत होत असेल तर प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी लघवीचे ‘कल्चर’ करावे. सुरुवातीची थोडी लघवी सोडून मधली धार निर्जंतुक बाटलीत घ्यावी आणि ती लवकरात लवकर प्रयोगशाळेत पोहोचवावी. कोणते औषध लागू पडेल हे त्यातून दोन-तीन दिवसांत समजते. याउलट, काहीही त्रास नसताना केवळ अहवालात जंतू दिसले म्हणून औषध घेण्याची बहुतेकांना गरज नसते. गर्भवती स्त्रिया हा त्यातील महत्त्वाचा अपवाद होय.

लघवी तुंबवून ठेवल्याने काय होते?

एखाद्या वेळी तास-दोन तास थांबावे लागल्याने मूत्रपिंड निकामी होत नाही. मात्र रोज सात-आठ तास लघवी रोखण्याची सवय लागली तर मूत्राशय पूर्ण रिकामे होण्याची क्रिया बिघडू शकते आणि साठून राहिलेल्या लघवीत जंतू वाढतात.

शहरातील नोकरदार स्त्रियांच्या बाबतीत ही सवय नसून नाइलाज असतो. लोकलचा प्रवास, फिरतीचे काम, बाजारातील विक्री, वाहतूक पोलिसाची ड्युटी अशा ठिकाणी स्वच्छ स्वच्छतागृह मिळत नाही. म्हणून अनेकजणी घरातून निघताना पाणीच पीत नाहीत. पाणी कमी आणि लघवी रोखलेली, अशा दुहेरी कारणाने संसर्ग व खडे यांना निमंत्रण मिळते. याच प्रश्नावर मुंबईत २०११ मध्ये ‘राइट टू पी’ ही मोहीम सुरू झाली. पुण्यातील ‘मिळून साऱ्याजणी’ने दाखल केलेल्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१५ मध्ये निर्णय देताना, स्त्रियांसाठी स्वच्छ व सुरक्षित स्वच्छतागृहे उपलब्ध करून देण्याची जबाबदारी महापालिकांवर टाकली. मूत्रविकारांच्या चर्चेत सार्वजनिक स्वच्छतागृहांचा विषय यामुळेच अपरिहार्य ठरतो. शाळेतील अस्वच्छ स्वच्छतागृह टाळणाऱ्या मुलींनाही हेच लागू पडते. पालकांनी मुलीला ‘दिवसभरात शाळेत किती वेळा जातेस’, हे एकदा तरी विचारावे.

रोज किती पाणी प्यावे?

निरोगी माणसाने तहानेप्रमाणे आणि लघवीचा रंग फिकट राहील इतके पाणी प्यावे. आपल्या हवामानात घरात वा कार्यालयात बसून काम करणाऱ्यास साधारण दोन ते अडीच लिटर पुरते. उन्हात राबणाऱ्यास त्याहून बरेच अधिक लागते. सकाळी उठल्याबरोबर जबरदस्तीने लिटरभर पाणी प्यायल्याने मूत्रपिंडे ‘धुऊन निघतात’, या समजाला आधार नाही. मूत्रपिंड ‘शुद्ध’ करण्याच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या पेयांचीही गरज नाही.

ज्यांना एकदा मुतखडा झाला आहे त्यांनी मात्र दिवसभरात किमान दोन ते अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी प्यावे. याउलट ज्यांचे मूत्रपिंड बरेच बिघडले आहे, पायावर सूज आहे किंवा हृदय कमकुवत आहे, त्यांना डॉक्टर पाणी मोजून देतात. शेजाऱ्याला लागू पडलेला ‘भरपूर पाणी प्या’ हा सल्ला अशा रुग्णाच्या फुप्फुसात पाणी साचवू शकतो.

मुतखडा औषधाने विरघळतो का?

बहुसंख्य खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात आणि ते एकदा तयार झाल्यावर औषधाने विरघळत नाहीत. युरिक आम्लाचे खडे मात्र लघवीची आम्लता कमी करणाऱ्या औषधांनी विरघळू शकतात. पाच मिलिमीटरपेक्षा लहान खडे बहुधा काही आठवड्यांत आपोआप पडून जातात. हुलग्याचे कढण किंवा पानफुटीच्या पानांनी ‘खडा पडला’ असे अनेकजण सांगतात, त्यातील बरेच खडे याच आकाराचे असतात. दहा मिलिमीटरहून मोठा खडा स्वतःहून पडण्याची शक्यता फारच कमी असते. त्यासाठी बाहेरून ध्वनिलहरींचा मारा करून खडा फोडणे, लघवीच्या मार्गाने दुर्बीण घालून लेझरने तो भेदणे किंवा पाठीतून लहान छिद्र पाडून काढणे, असे पर्याय खड्याच्या जागेनुसार व आकारानुसार वापरले जातात.

वेदना थांबली म्हणजे खडा गेला, असे गृहीत धरू नये. मूत्रवाहिनीत अडकून बसलेला खडा काही काळाने दुखेनासा होतो. पण वर तुंबलेल्या लघवीचा दाब मूत्रपिंडाला हळूहळू निकामी करत राहतो. म्हणून खडा पडल्याची खात्री सोनोग्राफीने करून घ्यावी. खडा आणि थंडी वाजून ताप ही जोडी तर तातडीची वैद्यकीय अवस्था आहे.

आहाराबाबतही गैरसमज पुष्कळ आहेत. टोमॅटोच्या बिया किंवा दूध यांमुळे खडे होतात, हे खरे नाही. उलट जेवणातील कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला बांधून ठेवते, त्यामुळे दूध-दही बंद केल्यास खड्यांचा धोका वाढतो. कमी करायचे ते मीठ आणि अतिरिक्त मांसाहार. लोणचे, पापड, फरसाण आणि वेफर यांतून न कळत बरेच मीठ जाते. पालकासारख्या ऑक्झलेट अधिक असणाऱ्या भाज्या प्रमाणात खाव्यात. लिंबाच्या रसातील सायट्रेट खडे रोखण्यास मदत करते. बियरने खडा पडतो हा समज मात्र सोडून द्यावा. एकदा खडा झालेल्या जवळपास निम्म्या लोकांना पाच-दहा वर्षांत तो पुन्हा होतो, म्हणून पडलेला खडा फेकून न देता तपासणीसाठी द्यावा.

कंबर दुखते, किडनी तर नसेल?

मूत्रपिंडे कमरेत नसून त्याहून वर, बरगड्यांच्या खाली असतात. वाकल्यावर, उठता-बसता किंवा जड वस्तू उचलल्यावर वाढणारी कंबरदुखी बहुतेक वेळा स्नायूंची किंवा मणक्याची असते. खड्याची वेदना वेगळी. ती कुशीतून सुरू होऊन जांघेकडे उतरते, लाटांसारखी येते आणि रुग्णाला एका जागी बसू देत नाही. दीर्घकालीन मूत्रपिंडविकार मात्र सहसा दुखतच नाही. ‘काही दुखत नाही, म्हणजे किडनी ठीक आहे’ हा निष्कर्ष म्हणूनच धोक्याचा आहे.

क्रिएटिनिन ‘नॉर्मल’ असले की निश्चिंत राहावे का?

क्रिएटिनिन हा स्नायूंच्या कामातून तयार होणारा टाकाऊ पदार्थ आहे. तो रक्तात किती साठला यावरून मूत्रपिंडाच्या कामाचा अंदाज घेतात. परंतु स्नायू कमी असलेल्या, किरकोळ बांध्याच्या किंवा वयस्कर व्यक्तीत तो मुळातच कमी तयार होतो. त्यामुळे नुसता आकडा फसवा ठरतो. वय व लिंग लक्षात घेऊन त्यावरून गाळण्याचा अंदाजित वेग काढला जातो. अहवालात तो ‘ईजीएफआर’ या नावाने असतो.

एक उदाहरण पुरेसे आहे. पंचवीस वर्षांच्या तरुणाचे क्रिएटिनिन १.२ असेल तर सध्याच्या सूत्रानुसार त्याचा ईजीएफआर ८५च्या आसपास येतो. पासष्ट वर्षांच्या स्त्रीचे क्रिएटिनिनही १.२च असेल तर तिचा ईजीएफआर जेमतेम ५० येतो. तो ६० च्या खाली तीन महिन्यांहून अधिक काळ राहिला तर त्यास दीर्घकालीन मूत्रपिंडविकार म्हणतात. १५ च्या खाली तो गेला की मूत्रपिंडे निकामी झाली असे मानले जाते.

दुसरी महत्त्वाची तपासणी म्हणजे लघवीतील अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन यांचे गुणोत्तर. ते ३० पेक्षा कमी असावे. मधुमेहात क्रिएटिनिन वाढण्याच्या कितीतरी आधी हे गुणोत्तर बिघडते आणि नेमक्या याच टप्प्यावर उपचारांचा सर्वाधिक लाभ होतो. मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयविकार, लठ्ठपणा किंवा घराण्यात मूत्रपिंडविकार असणाऱ्यांनी रक्तातील क्रिएटिनिन आणि लघवीतील अल्ब्युमिन या दोन्ही तपासण्या वर्षातून एकदा कराव्यात. प्रौढ वयात जडणाऱ्या मधुमेहात तर निदान झाल्याच दिवसापासून त्या सुरू कराव्या लागतात, कारण मधुमेह नेमका केव्हा सुरू झाला हे कोणालाच ठाऊक नसते.

गेलेले काम परत मिळवता येत नसले, तरी उरलेले टिकवणे आज पूर्वीपेक्षा शक्य झाले आहे. रक्तदाब साधारण १३०/८० च्या आत ठेवणे, साखर आटोक्यात ठेवणे, तंबाखू सोडणे आणि दिवसाचे मीठ पाच ग्रॅमच्या, म्हणजे एका चहाच्या चमच्याच्या आत ठेवणे हा पाया. त्याच्या जोडीला रक्तदाबावरील विशिष्ट गटातील गोळ्या आणि मधुमेहासाठी निघालेली ‘ग्लिफ्लोझिन’ गटातील औषधे मूत्रपिंडाची घसरण मंदावतात, हे मोठ्या चाचण्यांतून सिद्ध झाले आहे. बाजारातील ‘लो सोडियम’ मिठात मात्र पोटॅशियम असते. मूत्रपिंडविकार असलेल्यांनी ते परस्पर सुरू करू नये. शहाळ्याच्या पाण्याबाबतही हीच काळजी घ्यावी.

कोणत्या औषधांपासून सावध राहावे?

सांधेदुखी, डोकेदुखी वा अंगदुखीवर डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या वेदनाशामक गोळ्या सर्रास घेतल्या जातात. या गोळ्या मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तप्रवाह कमी करतात. निरोगी माणसाने एक-दोन दिवस घेतल्याने सहसा बिघडत नाही. मात्र महिनोन्महिने घेणे, किंवा जुलाब-उलट्यांनी शरीरातील पाणी कमी झालेले असताना घेणे, धोकादायक आहे. रक्तदाबाच्या आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असणाऱ्यांना हा धोका अधिक. अशा दिवसांत जलसंजीवनी घ्यावी आणि नेहमीच्या कोणत्या गोळ्या तात्पुरत्या थांबवाव्यात हे डॉक्टरांना फोन करून विचारावे.

‘आयुर्वेदिक आहे, अपाय होणार नाही’ असे म्हणत अनोळखी पुड्या आणि भस्मे घेणे टाळावे. त्यात पारा किंवा शिसे असल्यास मूत्रपिंडाला इजा होते. गोरेपणा देणाऱ्या पारायुक्त क्रीमचेही तसेच. केरळमधील मलप्पुरम जिल्ह्यात २०२३ मध्ये अशा क्रीमच्या वापरामुळे मूत्रपिंडाचा विकार झालेले रुग्ण आढळले होते. त्वचेवर लावलेला पारा रक्तात पोहोचतो, हे त्यातून पुन्हा स्पष्ट झाले.

भेसळीच्या औषधाचा अनुभव मुंबईलाही आहे. १९८६ मध्ये जे. जे. रुग्णालयात दूषित ग्लिसरीन दिले गेल्याने १४ रुग्ण मूत्रपिंडे निकामी होऊन दगावले आणि न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्याची चौकशी केली. त्यातील विषारी घटक होता डायएथिलिन ग्लायकॉल. हेच रसायन २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा येथे मुलांचे बळी घेणाऱ्या खोकल्याच्या औषधात सापडले. लहान मुलांना साध्या सर्दी-खोकल्यावर स्वतःच्या मनाने औषध देऊ नये, आणि कोणत्याही औषधानंतर मुलाची लघवी कमी झाली वा थांबली तर तत्काळ रुग्णालय गाठावे.

पावसाळ्यातील लेप्टोचा मूत्रपिंडाशी काय संबंध?

उंदीर आणि अन्य प्राण्यांच्या मूत्रातून साचलेल्या पाण्यात मिसळणारे लेप्टोस्पायरा जंतू पायावरील जखमेतून शरीरात शिरतात. तीव्र आजारात ते यकृत आणि मूत्रपिंड दोन्हींवर हल्ला करतात. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईने या रोगाची मोठी साथ अनुभवली. साचलेल्या पाण्यातून चालावे लागल्यास पाय स्वच्छ धुवावेत, जखम असेल तर प्रतिबंधक गोळीबाबत डॉक्टरांना विचारावे. त्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे किंवा लघवी कमी होणे दिसल्यास पाण्यातून गेल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. वेळीच उपचार झाल्यास यातून मूत्रपिंडे बहुधा पूर्ववत होतात.

मुले आणि ज्येष्ठ यांच्याबाबत काय पाहावे?

पाच वर्षांपर्यंत मुलाने रात्री अंथरूण ओले करणे नैसर्गिक आहे. त्यासाठी मारणे किंवा चारचौघांत हिणवणे सर्वस्वी चुकीचे. दिवसाही कपडे ओले होणे, अनेक महिने कोरडे राहिल्यानंतर पुन्हा सुरुवात होणे किंवा मुलग्याची लघवीची धार जन्मापासून बारीक असणे, हे मात्र दाखवावे. सकाळी उठल्यावर मुलाच्या डोळ्यांभोवती सूज दिसत असेल तर लघवीतील प्रथिने तपासावीत.

पन्नाशीनंतर पुरुषांमध्ये प्रोस्टेट ग्रंथी वाढू लागते. धार मंद होणे, सुरुवातीला थांबावे लागणे, पूर्ण झाल्यासारखे न वाटणे ही तिची लक्षणे. ही वाढ म्हणजे कर्करोग नव्हे आणि बहुतेकांना औषधांनी आराम पडतो. सर्दीच्या काही गोळ्यांनी अशा पुरुषांची लघवी एकाएकी अडते, हे लक्षात ठेवावे. स्त्रियांमध्ये बाळंतपणानंतर किंवा उतारवयात खोकताना, हसताना लघवी सुटणे बरेच आढळते. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्याचे व्यायाम तीन महिने नेटाने केल्यास पुष्कळ जणींना फरक पडतो. ‘वयाचा भाग’ म्हणून घराबाहेर पडणे सोडण्याची गरज नाही.

डायलिसिस म्हणजे शेवट का?

मुळीच नाही. नेदरलँड्समधील डॉक्टर विलेम कोल्फ यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ मध्ये पहिले कृत्रिम मूत्रपिंड वापरात आणले. आज रक्ताचे डायलिसिस साधारणपणे आठवड्यातून तीनदा, दर वेळी सुमारे चार तास केले जाते. पोटाच्या आवरणाचा उपयोग करून घरच्या घरी करता येणारे डायलिसिसही उपलब्ध आहे. मूत्रपिंडाचा अचानक उद्भवलेला बिघाड असेल तर काही दिवसांच्या डायलिसिसनंतर ते थांबवताही येते. ‘एकदा लावले की सुटत नाही’ या भीतीने अशा रुग्णाला रोखणे त्याच्या जिवावर बेतू शकते. दीर्घकालीन रुग्णाने मात्र आधीपासून तयारी ठेवावी. ज्या हातावर पुढे फिस्टुलाची शस्त्रक्रिया होणार, त्या हाताच्या शिरेतून रक्त काढू देऊ नये व सलाइन लावू देऊ नये.

खर्चाचा भार मोठा असतो. त्यासाठी केंद्र सरकारने २०१६ मध्ये राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम सुरू केला, त्यानुसार जिल्हा रुग्णालयांत गरीब रुग्णांना ही सेवा मोफत मिळते. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतही डायलिसिसचा समावेश आहे. रुग्णालय योजनेत आहे का, हे तेथील आरोग्यमित्राकडे आधी विचारावे.

प्रत्यारोपण हा अनेकांसाठी अधिक चांगला पर्याय असतो. भारतात पहिले यशस्वी मूत्रपिंड प्रत्यारोपण १९७१ मध्ये वेल्लोर येथे झाले. १९९४ चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा आणि २०११ ची दुरुस्ती यांनुसार आई-वडील, भावंडे, पती-पत्नी, मुले, आजी-आजोबा व नातवंडे हे जवळचे नातेवाईक मूत्रपिंड देऊ शकतात. रक्तगट जुळत नसलेल्या दोन कुटुंबांना परस्परांत दात्यांची अदलाबदलही करता येते. अवयवांची खरेदी-विक्री हा गुन्हा आहे. योग्य तपासण्यांनंतर दाता एका मूत्रपिंडावर सर्वसामान्य आयुष्य जगू शकतो. मात्र आपल्याकडे जिवंत दात्यांमध्ये आई, पत्नी, बहीण यांचेच प्रमाण अधिक आणि मूत्रपिंड मिळणाऱ्यांत पुरुष अधिक, ही वस्तुस्थिती प्रत्येक घराने विचारात घेण्यासारखी आहे. मेंदूमृत व्यक्तीच्या अवयवदानातून मिळणाऱ्या मूत्रपिंडांसाठी मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रांमार्फत प्रतीक्षायादी चालवली जाते.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

पुढीलपैकी काहीही आढळल्यास त्याच दिवशी जावे :

० लघवी पूर्ण थांबणे किंवा अगदी कमी होणे
० लघवीत रक्त दिसणे, दुखत नसले तरी
० कुशीत दुखून थंडी-ताप येणे
० गर्भारपणात जळजळ, सूज वा रक्तदाब वाढणे
० चेहरा वा पाय एकाएकी सुजणे, धाप लागणे

रोज टिकून राहणारा फेस, रात्री वारंवार उठावे लागणे, लघवीची मंद धार आणि न सांगता येणारा थकवा यांसाठी आठवडाभरात वेळ घ्यावी. जाताना चालू असलेल्या सर्व औषधांची, काढ्यांची आणि पुड्यांचीही यादी न्यावी. क्रिएटिनिन आणि लघवीची तपासणी सरकारी रुग्णालयात अल्प दरात होते आणि खासगी प्रयोगशाळांतही ती फार महाग नाही. डायलिसिसच्या एका महिन्याशी तुलना केली तर हा खर्च नगण्यच म्हणावा लागेल.